सोनारीची साक्ष

बेंगळूरू, ३ जून २०११

बाई, नमस्कार.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्या भाच्याने, इलियासभाईंनी उचलला आणि ‘फुफू म्हणते, पत्र लिही’ एवढं सांगून ठेवून दिला. निवृत्त होऊनही तुमची शिस्त सुटली नाही, असं म्हणत लिहायला बसले आहे.

काम आहे. आमच्या ओवे गावाच्या मागचा डोंगर खाणीने अर्धा खाल्ला हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता खाणवाल्यांना वरचा कातळही हवाय. पावसाळ्यात जिथे पाणी झिरपतं आणि जिथे तुम्ही सोनारी बेडकी पहिल्यांदा ऐकलीत, तोच. वनखात्याने समिती नेमली आहे, आणि बेडकांची पाहणी आमच्या संस्थेकडे, म्हणजे फिरून माझ्याकडेच आली आहे. सोनारी तिथे अजून असेल तर कातळाला हात लावू देणार नाही, असं समितीने स्वच्छ लिहिलंय. नसेल तर परवानगी.

दिसली पाहिजे असंही नाही. आवाज पुरेल. जाणत्या अभ्यासकाने ऐकल्याची सहीनिशी साक्ष चालेल. ही पद्धत आपल्याकडे पाडली कुणी, हे मी त्यांना सांगायला गेले नाही. ते तुमचंच नाव घेत होते.

तुमच्या गुडघ्यांचं माहीत आहे, तरी एक संध्याकाळ जाऊन याल? मला जुलैशिवाय सुट्टी नाही. घरी भावानेच, परेशने, खाणीवर डंपर लावलाय, त्यामुळे माझी बाजू घेणारं ओव्यात कुणी नाही. एकटे बाबा म्हणतात, “बेडूकबाईंना इचार. त्या बोलतील तां खरां.”

तुमची,
विनिता

---

टपाल नाका, पनवेल
२ जुलै २०११

प्रिय विनिता,

जाऊन आले. इलियासने रिक्षा खाणीच्या रस्त्याने जाईल तिथवर नेली, पुढे त्याचा खांदा धरून चढले. वाटेत तीनदा बसले. तो म्हणाला, “फुफू, बेडकाला घरीच बोलावून घेऊ या का?” खरबुजासारखा पिवळा पडला होता बिचारा. दुकानात बसून बसून पोरगं माझ्याहून म्हातारं झालंय.

दिवेलागणीच्या सुमारास कातळापाशी पोचलो. पाऊस थांबला होता. दगडाच्या उभ्या अंगावरून पाणी उतरत होतं. आणि ऐकली. तीच. सोनाराने बारीक हातोडीने ठोकत बसावं तशी, एका लयीत, मध्ये थांबून पुन्हा. इतकी स्वच्छ मी तिला कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. घरी आले तरी कानात घुमत होती.

आहे. लिहून टाक.

बसल्या बसल्या जुनं आठवलं. अम्मीने मला शिकू दिलं, पण एका अटीवर. “इल्म कर, पण बेडकाचं खून हातावर नको. हदीसमध्ये मना आहे.” आणि नोकरी तर बेडूक मारून स्पिरिटच्या बाटलीत भरायची! मग काय, बाटलीऐवजी टेप घेतला. कोकणातले बेडूक नुसत्या आवाजावरून ओळखायला लागले तेव्हा मुंबईतले विद्वान हसत. “मुल्लाबाईंकडे साक्षीदार आहेत, मुद्देमाल नाही.” सोनारीला नाव द्यायला एक तरी देह लागतो म्हणून ती आपल्या मौतीने मेलेली सापडेपर्यंत मी थांबले. तेवढ्यात एकजण नोकरीला लागून निवृत्तही झाला असता.

आता मात्र थकवा येतो. गुडघ्यांचा नाही. ज्या जागी गेले तिथे ती जागा नसते, त्याचा. खारघरच्या त्या टॉवरांखाली माझी तीन डबकी आहेत. ही एक जागा राहिली तर बरं होईल.

फोन करू नकोस. फोनवर मला काही सुचत नाही.

दुआ.
सफूरा

---

ओवे, २४ जुलै २०११

बाई, नमस्कार.

इतक्या जवळ येऊन भेट नाही. शाजियाभाभी म्हणाल्या की तुम्ही मी यायच्या आदल्या दिवशी उरणला नातेवाइकांकडे गेलात. कधी येणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी आठवडाभर रोज कातळावर गेले. आवाज टिपणारी यंत्रं चार ठिकाणी टांगली आहेत, ती आपोआप चालू होतात. बेडूक पुष्कळ आहेत, पण सोनारी मला ऐकू आली नाही आणि यंत्रातही नाही. तुम्ही नेमक्या कुठल्या दगडापाशी बसला होतात? वरच्या घळीत की खालच्या? वारा कुठून होता?

घरात तोंड उघडायची सोय नाही. काल जेवताना परेश म्हणाला, “ताय, तुजी बेडकी मला एकदा दाखव तरी. खडीसाठी आख्खी नवी मुंबई थांबलीय, आन् ही आमची ताय बेडकी सोधतेय.”

मी म्हटलं, “डोंगर गेल्यावर विहिरीला पाणी कुठून आणशील?”

“नळाचं पितो आमी. तू बेंगळूरला कंचा पितेस? विहिरीचा?”

बाबा हसले. मलाही हसू आलं, तेच वाईट झालं.

समितीची बैठक सप्टेंबरात आहे. तुमची साक्ष मिळाली तर अहवाल पुरा होईल. बाई, तुम्हाला खात्री आहे ना?

विनिता

---

पनवेल, १ ऑगस्ट २०११

प्रिय विनिता,

खात्री आहे का, असं तू मला विचारलंस. बरं.

वरच्या घळीत. वारा नव्हता. दोन नर तरी असावेत.

तुझ्या यंत्राने माझ्याआधी किती पावसाळे काढलेत? एम.एस्सी.ला तू लाल बेडकाचा आवाज रातकिडा म्हणून लिहून आणला होतास, तेव्हा खोडून दुरुस्त कुणी केला? यंत्र टांगून घरी जाऊन जेवणाऱ्यांना सोनारी ऐकू येत नाही. तिच्यासाठी बसावं लागतं. थंडी वाजेपर्यंत, पाय मरेपर्यंत बसावं लागतं.

सहीची साक्ष सोबत जोडली आहे. इंग्रजीतून लिहिली आहे, म्हणजे साहेबांना समजेल. ‘मी स्वतःच्या कानांनी ऐकली’ हे वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

उद्यापासून रोजे. शाजिया म्हणते, या वयात सूट असते. मी म्हटलं, सूट घ्यायला मी काही दुकानात आलेले नाही. ती म्हणाली, “ओरडू नका फुफू, मी शेजारीच उभी आहे.” हल्ली या घरात सगळ्यांना माझा आवाज मोठा वाटतो. टीव्हीही म्हणे मशिदीत ऐकू जातो.

रागावून लिहिलं असेल तर सोडून दे. रागवायलाही ताकद लागते, ती फार उरलेली नाही.

सफूरा

---

पनवेल, ३ सप्टेंबर २०११

प्रिय विनिता,

साक्ष अहवालाला जोडून समितीकडे पाठवल्याचं तुझं कार्ड मिळालं. त्यामुळेच हे घाईने लिहिते आहे.

ईदच्या आधीची गोष्ट. इफ्तारला थोडा वेळ होता. मी स्वयंपाकघरात खजूर धूत होते. एकदम वीज गेली. पंखा बंद, फ्रिज बंद. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या. आणि घरात सोनारी बोलली.

पहिल्यांदा मला आनंद झाला बघ. वेड लागल्यासारखं मोरीत वाकून पाहिलं. शाजियाला म्हटलं, “ऐकलंस?” ती म्हणाली, “काय?” मी म्हटलं, “ही काय, टिक टिक.” तिने इलियासला बोलावलं. दोघं माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हॉलमध्ये गेले, ती आली. न्हाणीघरात गेले, तिथेही आली. शेवटी दोन्ही हातांनी कान दाबले. तर ती आणखी मोठ्याने बोलायला लागली.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर ते लावून, आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. मी बसून राहिले. मला वाटलं, अजून सुरूच केलं नाही. बाहेर आले तेव्हा तो कागदावर रेघ काढून मोकळा झाला होता. बारीक, चढे आवाज मला ऐकूच येत नाहीत, आणि ते काही आत्ताचं नाही म्हणे. ऐकू यायचं कमी झालं की कान कधी कधी आपलाच एक आवाज धरून बसतो. “मावशी, लोकांना शिटी ऐकू येते, रातकिडा ऐकू येतो. बेडूक तुम्हीच पहिल्या.” चांगला मुलगा आहे. मला हसवायला बघत होता.

मला ऐकू कमी येतं हे मला माहीत होतं. म्हणून फोन नको म्हणत होते, म्हणून तू आलीस तेव्हा उरणला जाऊन बसले. समोर बसून तू हळू बोलली असतीस तर उघडं पडलं असतं. पण बेडूक सोडून बाकी जग ऐकू येत नाही, असं मी समजत होते. माणसाने स्वतःची समजूत किती घालावी!

समितीला आज वेगळं पत्र टाकलं आहे. साक्ष मागे घेतली. कारणही लिहिलं. त्याची नक्कल सोबत आहे.

सफूरा

---

बेंगळूरू, १२ सप्टेंबर २०११

बाई,

मला आधी विचारायचं होतंत. एक दिवस थांबायचं होतंत.

आता लपवून काय करू? मला माहीत होतं. यंत्रं मी जुलैत टांगली नाहीत. जूनमध्येच माणूस पाठवून लावून घेतली होती. तुम्ही वर गेलात त्या संध्याकाळी वरच्या घळीतलं यंत्र चालू होतं. त्यात इलियासभाईंचा आवाज आहे, “फुफू, काही येतंय का ऐकू?” आणि तुमचा, “ही काय. किती स्वच्छ!” मागे नुसतं पाणी पडतंय. मी ते कितीदा ऐकलं असेल. पाणी, तुम्ही, पाणी.

मग सहीचा कागद आला, आणि मी तो जोडला. यंत्राला ऐकू आलं नाही एवढंच अहवालात लिहिलं. त्या संध्याकाळचं लिहिलं नाही. समितीतल्या एकानेही शंका घेतली नाही, बाई. तुमचं नाव वाचून पान उलटलं त्यांनी. कातळ वाचला होता.

कुणाचं काय गेलं असतं? परेशचा डंपर दुसरीकडे लागला असता. सोनारी तिथे नसेलही, पण इतर सगळं तर आहे. झरा आहे, मुंगूस आहे, बाबांच्या विहिरीचं पाणी आहे. तुमच्या एका वाक्यावर हे सगळं उभं होतं आणि तुम्ही ते काढून घेतलंत. खाणवाल्यांनी फुकट पेढे वाटले असतील.

घरच्यांशी भांडून मी इथवर आले होते. आता परेशला काय सांगू? बाईंच्या कानात बेडूक होता?

विनिता

---

पनवेल, २० सप्टेंबर २०११

प्रिय विनिता,

हो, तसंच सांग. खरं आहे ते. तो हसेल, हसू दे.

तुझं पत्र मी दोन दिवस वाचलं नाही. पाकिटावरच्या अक्षरावरून कळतं.

झरा, मुंगूस, विहीर, सगळं खरं आहे. त्यांच्यासाठी तू लढ. मीही येते. पण सोनारीच्या नावावर ते मागू नकोस, कारण ती मी ऐकलेली नाही. माझ्याकडे बाटल्या नाहीत, विनिता. दुसरे लोक कपाट उघडून दाखवतात, हा घ्या बेडूक, मोजा. माझ्याकडे काय आहे? एक बाई सांगते, मी ऐकलं. त्यावर लोक ‘बरं’ म्हणतात. पेणचा, महाडचा, चिरनेरचा, सगळा माझा जन्मभराचा हिशेब त्या ‘बरं’वर चाललाय. मला ठाऊक असताना एकदा खोटं चालवलं, की उद्या कुणीही मागचं प्रत्येक पान उलटून विचारेल, हे तरी ऐकलं होतं का? आणि त्या वेळी मी असेन वा नसेन, उत्तर तुला द्यावं लागेल.

तू तो टेप ऐकून गप्प राहिलीस, माझ्यासाठी आणि डोंगरासाठी. त्याचं मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. कुठलं जास्त, ते विचारू नकोस.

डोंगर माझ्यामुळे गेला असं तू म्हणशील तर मी नाही म्हणणार नाही.

सफूरा

---

ओवे, १९ फेब्रुवारी २०१२

बाई, नमस्कार.

पाच महिने पत्र लिहिलं नाही. माफी मागत नाही, तुम्हीही मागू नका.

डिसेंबरात परवानगी मिळाली. आता मी घरी आले आहे. दुपारी सुरुंग उडतात तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात. वरची घळ गेली. परेशने दुसरा डंपर घेतला. त्यावर आईचं नाव घातलंय, त्यामुळे मला शिव्याही देता येत नाहीत. तो मला टोमणा मारत नाही, हे जास्त लागतं. काल आपणहून म्हणाला, “ताय, दुसरीकडं कुठं असंल तुजी बेडकी. सगली काय इथंच ऱ्हायली नसंल.”

मी तुमची जुनी टिपणं काढली. १९८१ मध्ये चिरनेरच्या रानात, गावापासून वर गेलेल्या ओढ्यावर, तुम्ही सोनारी ऐकली होतीत. त्यानंतर तिथे कुणीच गेलेलं नाही. तुमचे कान तेव्हा शाबूत होते, त्यामुळे ती नोंद पक्की. पावसात जाऊ या? या वेळी मी सोबत असेन.

बाबा आजारी आहेत, पण बोलतात. “बेडूकबाईंनी सोताच्या तोंडानं नाय सांगितला? मंग त्या बाई खऱ्या.”

विनिता

---

पनवेल, ८ जुलै २०१२

प्रिय विनिता,

चिरनेरहून आल्यापासून अंग दुखतंय. तू मात्र दुसऱ्याच दिवशी बेंगळूरूला पळालीस. कमाल आहे.

कानाच्या मशीनबद्दल विचारलं होतंस. ते लावलं की माझी घरातली सोनारी मागे सरते. डॉक्टर म्हणाला, “बेडूक गेला तर करमेल ना मावशी?” मी म्हटलं, करमेल, झोप येईल मला. पण ओढ्यावर त्या मशीनने घोटाळा केला. पाऊस म्हणजे पत्र्यावर वाळू ओतावी तसा. त्यातून काही निवडता येईना. काढून ठेवलं तर काहीच नाही. लावून, काढून, पुन्हा लावून दमले, तेव्हा मी तुला म्हटलं, “मला नाही येत ऐकू. तूच सांग.”

तू थोडी थांबलीस आणि म्हणालीस, “आहे, बाई. पलीकडे आहे.”

परतताना गाडीत मला रडू आलं ते तू पाहिलंस. तुला वाटलं असेल, सोनारी जिवंत आहे म्हणून. तेही होतंच. पण आणखी एक होतं. दुसऱ्याने ‘आहे’ म्हणायचं आणि आपण मान हलवायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. लोक माझ्यापुढे इतकी वर्षं हेच करत होते. मला कल्पना नव्हती की यात माणूस इतका दुसऱ्याच्या हातात असतो.

म्हणून विचारते. विचारू नये असं वाटत होतं, चार दिवस हा कागद पुढ्यात पडून आहे. तू ‘आहे’ म्हणालीस तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. बेडूक ऐकणारा माणूस कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. तो कुठेच बघत नाही. हे तुला मीच वर्गात सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

होती ना?

सफूरा

---

बेंगळूरू, १६ जुलै २०१२

बाई,

नव्हती.

पाणी होतं, पाऊस होता, रातकिडे होते. मी खूप कान दिला. तुम्ही मशीन हातात घेऊन माझ्याकडे बघत होतात, आणि मला ‘नाही’ म्हणवेना. ओव्यानंतर एक तरी ‘आहे’ तुम्हाला द्यावं असं वाटलं. मग एकदा म्हटलं म्हणून नोंदही तशीच केली, तुमचं नाव, माझं नाव आणि पुढे ‘ऐकली’. संस्थेत पाठवूनही दिली.

काल ती मागे घेतली. साहेबांनी कारण विचारलं. ऐकणारीची चूक, असं सांगितलं. ते म्हणाले, “तुमची की मुल्लाबाईंची?” मी म्हटलं, माझी. बाईंनी ऐकू येत नाही असं तिथेच सांगितलं होतं.

चिरनेरच्या नोंदीत आता आपल्या दोघींची नावं आहेत, तारीख आहे, आणि त्यापुढे, ‘ऐकली नाही.’

विनिता